कुंपणाजवळची गोगलगाय

रूझामावशी दर रविवारी मिस्सा आटोपली की चर्चमधून थेट आमच्या संग्रहालयाच्या आवारात यायची. अंगावर चर्चला घालायचा काळा कोट, हातात प्लास्टिकची बादली, बादलीत दोन फडकी. तिकिटाच्या खिडकीशी ती कधी थांबली नाही. एकदा नव्या मुलीनं हटकलं, तर म्हणाली, “लेकाकडे जायला तिकीट काढतात होय गं तुमच्यात?” त्यानंतर कुणी विचारलं नाही. नळावर बादली भरून घ्यायची, रणगाडा, दोन तोफा आणि पाडलेल्या विमानाची शेपटी ओलांडून कुंपणाजवळच्या गोगलगायीपाशी जायची, कोट तोफेच्या नळीवर टांगायचा, बाह्या मागे सारायच्या आणि गाडी पुसायला लागायची.

गोगलगाय म्हणजे वीटकारखान्याचा जुना ट्रक. एक्क्याण्णव साली शरदात गावावर तोफगोळे पडायला लागले. आमच्याकडे ना रणगाडा ना चिलखती गाडी. तेव्हा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मियो वेल्डर आणि त्याच्या माणसांनी या ट्रकला पोलादी पत्र्यांचं कवच चढवलं. पत्रे नदीवरच्या एका मोडीत काढलेल्या मालबोटीचे. एक पत्रा पुरेना म्हणून दोन, आणि दोहोंच्या मधे विटा वाहून नेणारा जाड रबरी पट्टा कापून भरलेला. गाडी इतकी जड झाली की चढावर तिच्या बाजूनं चालत चालत माणूस आतल्याशी गप्पा मारू शकायचा. म्हणून गोगलगाय.

ती चालवायचा तिहो, रूझामावशीचा एकुलता एक मुलगा. लढाईआधी तो याच ट्रकमधून गावोगाव विटा पोचवायचा. लढाईत तो कूपा नदीच्या पलीकडे वेढ्यात सापडलेल्या खेड्यांतून माणसं आणायला लागला. म्हातारे, बाळंतिणी, आजारी माणसं. एकदा एक डुक्करसुद्धा आणलं, कारण एक म्हातारी डुकराशिवाय गाडीत चढायलाच तयार नव्हती. डिसेंबरात एका सकाळी तो आणखी दोघांना घेऊन पूल ओलांडून गेला आणि परत आला नाही.

पुढची चार वर्षं पलीकडचा भाग शत्रूच्या ताब्यात होता, आमचं कुणी तिकडे जाऊच शकत नव्हतं. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात जाता आलं तेव्हा गोगलगाय आलुबुखाराच्या एका बागेत सापडली. एका अंगावर कललेली, टायर कुणीतरी काढून नेलेले, चालकाचं दार उघडं. आत कुणी नाही. तिहोबरोबरचे दोघे नंतर काही वर्षांनी एका खड्ड्यात सापडले. गावच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचे दगड लागले. तिहो सापडला नाही. अजूनही नाही.

त्यामुळे नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती घेऊन जायचं, तेव्हा रूझामावशी आमच्याकडे यायची.

मी लढाईनंतर लग्न होऊन या गावात आले. इतिहास शिकलेली, म्हणून संग्रहालयात लागले आणि पुढे तिथली प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे काय, मी, तिकिटाची मुलगी आणि गवत कापायला येणारा एक माणूस. आमचं संग्रहालय जुन्या लष्करी बराकीत आहे. तिच्या दारातून गोगलगाय आत जाणं शक्यच नव्हतं. ‘नवं दालन होईपर्यंत तात्पुरती’ म्हणून तिला आवारात ठेवली होती. दरवर्षी गावाच्या दिवशी नगराध्यक्ष तिच्यापुढे पुष्पचक्र ठेवायचे आणि माइकवरून सांगायचे, की पुढच्या वर्षी या गाड्यांवर छत असेल. नगराध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, भाषण तेच राहिलं.

“छत आहे की, सगळ्यांच्या तोंडात आहे,” मावशी म्हणायची. “माझ्या पोराच्या डोक्यावर तेवढं नाही.”

मग तिला आणखी चेव यायचा. “आत काय काय जपून ठेवलंयस गं नेवा? त्या सरदाराचं मुतायचं भांडं! त्याला काचेचं कपाट, वर दिवा! आणि ज्या गाडीनं तुझ्या सासूला पुलापलीकडून आणलं, ती पावसात.”

हे खरंच होतं. डुकरावाली म्हातारी म्हणजे माझ्या सासूची आई. दोघी एकाच खेपेला आल्या होत्या.

पोलाद एका दिवसात कुजत नाही, म्हणून ते कुजतंय हे कुणाला दिसत नाही. बंदुकीसाठी ठेवलेल्या फटींतून पाऊस आत जायचा आणि तळाशी साचायचा. आम्ही डब्यानं उपसून काढायचो, तो पुन्हा साचायचा. हिवाळ्यात त्याचा बर्फ व्हायचा. कबुतरं स्टिअरिंगवर घरटी करायची. खिडकीच्या चौकटीत शेवाळ आलं, मग त्या शेवाळात गवताची पाती. एका वसंतात पायरीवर पाय ठेवून मी आत डोकावायला गेले, तर पायरी पावाच्या कडेसारखी तुटून खाली पडली. मी ती उचलून गाडीच्या मागे लपवून ठेवली, मावशीच्या नजरेला पडू नये म्हणून. तिनं ती रविवारी शोधून काढलीच.

मग एकदा ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातातलं फडकं विटकरी लाल.

“हिला फोड आलेत,” ती म्हणाली. “चल, बघ.”

डाव्या बाजूचा पत्रा वेल्डिंगच्या दोन शिवणींच्या मधे पोट आल्यासारखा फुगला होता. मी बोट लावलं तर रंगाचा पोपडा निघाला आणि त्याच्या मागून गंजाचे पापुद्रे, एकावर एक, ओले. मावशीनं त्याच दिवशी मियोकाकाला बोलावणं धाडलं.

मियोकाकाची फुप्फुसं आयुष्यभराच्या वेल्डिंगच्या धुरानं गेली होती. तो सायकल हातात धरून यायचा, बसायचा नाही. सायकल म्हणजे त्याची काठी होती. त्यानं फुगलेल्या पत्र्यावर अंगठा दाबला, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

“रबर,” तो म्हणाला. “रबर भिजलंय. दोन पत्र्यांच्या मधे पाणी उतरलं की ते रबर धरून ठेवतं, ओल्या पोतेऱ्यासारखं. तू बाहेरून कितीही पूस रूझा, ही आतून चाललीय.”

“मग काढ ते रबर.”

“ते काढायचं म्हणजे गाडीच काढायची. सगळं शिवणींवर उभं आहे. शिवणी उसवल्या तर उरतंय काय?”

“शिवताना अक्कल कुठे चरायला गेली होती? पाणी जायला एखादं भोक ठेवू नये माणसानं?”

मियोकाका हसला आणि हसता हसता खोकत राहिला. “अगं बये, नाताळपर्यंत लढाई संपेल म्हणाले होते. मी दोन-चार आठवड्यांचा कोट शिवला. तो तुम्ही जन्मभर पावसात टांगून ठेवाल, हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि भोकं ठेवली असती तर गोळी आत आली असती.”

“नाही आली?”

“एकही नाही. बघ ना, खळगे मोज. माझ्या पत्र्यातून एकही आत गेली नाही.”

मावशीनं एका खळग्यात बोट घातलं. पत्र्यातून काही आत आलं नव्हतं. दार उघडं होतं. ते का उघडं होतं, कुणी उघडलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मियोकाका त्या दिवशी गाडीभोवती सगळीकडून फिरला, फक्त चालकाच्या दाराच्या बाजूला गेला नाही. तो तिकडे कधीच जात नसे. मला वाटायचं, तिथे चिखल असतो म्हणून.

राजधानीतून, झाग्रेबहून, मी धातूंचं जतन करणारी एक बाई बोलावली, इस्क्रा नावाची. तरुण होती, कामाची होती, कपडे खराब व्हायची तिला पर्वा नव्हती. ती गाडीखाली पाठीवर सरपटत गेली, मग लहान हातोडीनं सगळीकडे ठोकत आली. वरती टणटण वाजायचं. खाली खाली येत गेली तसा आवाज बद्द होत गेला. डाव्या बाजूला एके ठिकाणी आवाजच आला नाही, हातोडी आत गेली.

मावशी मागे बादली घेऊन उभी होती. “डॉक्टरीणबाई,” तिनं विचारलं, “जगेल का?”

इस्क्रा हसली नाही. “छताखाली नेली, कोरडी केली, तर आहे तशी राहील मावशी. बरी नाही व्हायची.”

“आणि इथंच राहिली तर?”

“इथे नाही टिकणार. एखादा कडक हिवाळा पुरे होईल.”

“मी पुसते की दर आठवड्याला.”

इस्क्रानं बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाली, “कोरड्या फडक्यानं पुसत जा.”

मावशीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं बादली हळूच गवतावर तिरपी केली आणि सगळं पाणी ओतून टाकलं. त्यानंतर ती बादली आणायची बंद झाली. कोरडं फडकं घेऊन यायची, पण पुसायचा तिला धीर होत नसे. नुसतीच पत्र्यावरून हात फिरवत उभी राहायची, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मी छतासाठी एकेक ऑफिस पालथं घातलं. एक म्हणे गाडी लष्कराची, दुसरा म्हणे गावाची, तिसरा म्हणे ही वास्तू नव्हे, वस्तू आहे, वस्तूचं खातं वेगळं. सगळे चांगले बोलले. सगळ्यांनी कॉफी पाजली. वीटकारखान्याची रिकामी शेड मागायला गेले तर तिचं छप्पर आदल्या हिवाळ्यात बर्फानं बसलेलं. मग मी ताडपत्री घातली. इस्क्रानं फोनवर नको म्हणून सांगितलं होतं, पण काहीतरी करायला हवं होतं. पंधरवड्यानं ताडपत्री वर केली तर आतून सगळी गाडी घामानं डबडबलेली, पत्र्यावरून थेंब ओघळताहेत. पुढच्या वादळात ताडपत्रीच फाटून कुंपणावर जाऊन अडकली. मी ती तिथून काढून कचऱ्यात टाकली.

लढाईला तीस वर्षं पुरी झाली त्या वर्षी गावाच्या दिवसाला राजधानीतून पाहुणे यायचे होते. आदल्या आठवड्यात नगरपालिकेनं रंगारी पाठवले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी छत्री घेऊन धावत गेले.

“अहो, ओलाव्यावर रंग मारू नका. खाली सगळा गंज आहे. आतलं पाणी आतच कोंडेल.”

त्यांचा मुकादम बिचारा भला माणूस होता. “ताई, मला काय सांगितलंय, हिरवी दिसली पाहिजे. हिरवी दिसेल.”

मी नगरपालिकेत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, साहेब मांडवाच्या कामात आहेत. तोवर त्यांनी भोकांत पुट्टी भरली, वरून पॉलिश पेपर फिरवला आणि दाट हिरवा रंग दोनदा मारला. चाकांना काळा, नंबरपट्टीला पांढरा.

समारंभाच्या दिवशी मावशी आली आणि फाटकातच उभी राहिली. तिनं तोंडावर हात धरला.

“अगं बाई,” ती म्हणाली, “कसा नवरदेवासारखा सजवलाय!”

ती गाडीबद्दल बोलत नव्हती. तिनं माझा दंड धरला आणि ओढतच मला तिकडे नेलं. “आणि तू म्हणत होतीस, आता संपलं म्हणून. बघ! बघ किती बरा दिसतोय.”

मी मान हलवली. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. ते पुसून टाकायला माझी जीभ धजेना. राष्ट्रगीत झालं, पुष्पचक्र झालं, छताचं भाषण झालं. सगळे पांगल्यावर मियोकाका सायकल टेकवून पुढे झाला, चकचकीत हिरव्या पत्र्यावरून तळहात फिरवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मढ्याला पावडर.”

तो हिवाळा कडक पडला. कूपा काठाकाठानं गोठली. दिवसा ऊन, रात्री बर्फ, पुन्हा दिवसा ऊन. रबरातलं पाणी गोठलं की फुगायचं, वितळलं की आणखी आत उतरायचं, आणि बाहेर यायला रंगानं वाट ठेवली नव्हती. बाहेरून गाडी हिरवीगार. फेब्रुवारीत रंगाला केसासारख्या चिरा पडल्या. मी दोरी बांधून पाटी लावली, जवळ जाऊ नये म्हणून. मावशी दोरीखालून वाकून आत जायची.

मार्चातल्या एका रविवारी ती पत्र्याला हात लावून उभी असताना डावीकडचा बाहेरचा अख्खा पत्रा शिवणीपासून सुटला आणि तिच्या पायावर आला. तिकिटाची मुलगी ओरडत धावली. ती सांगते, मावशी ओरडली नाही. पत्र्याखाली पाय असताना ती दोन्ही हातांनी तो पत्रा परत जागेवर लावायला बघत होती.

मी इस्पितळात पोचले तेव्हा नगरपालिकेचा सुरक्षा अधिकारी तिच्या खाटेशी बसला होता. गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय लोखंडी सळ्यांत टांगलेला.

“मी घसरले,” मावशी त्याला सांगत होती. “गवत ओलं होतं.”

“आजी, पत्रा तुमच्या पायावर होता.”

“पडताना मी धरलं त्याला, म्हणून आला तो बरोबर. त्याची काही चूक नाही.”

“तो पत्रा दोन माणसांना उचलला नाही आजी.”

“मग? म्हणजे मजबूत आहे की गाडी!”

अधिकाऱ्यानं वही मिटली. तो टोपी घेऊन उठला, दारात मला म्हणाला, “मला आई आहे हो. पण उद्या एखादी शाळेची सहल असती तर?” तो बरोबर बोलत होता.

मी आत आले तेव्हा मावशीचा सगळा ताठा उतरला होता. तिनं माझं मनगट पकडलं. “नेवा, माझ्यामुळे तिला नेतील का गं?”

“नाही मावशी.”

“मी फार टेकले तिच्यावर. थकले होते, म्हणून टेकले. नाहीतर ती उभी होती.”

नगरपालिकेचा हुकूम आला तेव्हा झाडांना पालवी फुटली होती. गाडी धोकादायक, दुरुस्तीपलीकडची, हलवावी. आठवण म्हणून एखादा भाग ठेवायला हरकत नाही. इस्क्राला मी पुन्हा बोलावलं. तिनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, उचलायला गेलात तर जागीच दुमडेल, तुकडे करूनच न्यावी लागेल. एक दार तेवढं वाचवता येईल, चालकाचं.

भंगारवाला गॅस कटर घेऊन आला त्या सकाळी मियोकाका त्याच्याआधी येऊन बसला होता. “मी शिवलीय,” तो म्हणाला, “पहिला टाका मीच उसवणार.” त्यानं डोळ्यांवर चष्मा चढवला, पहिली शिवण हातभर कापली आणि मग दम लागून उपड्या पिंपावर बसला. पुढचं तो नुसता बोटानं दाखवत होता, इथून घे, आता इथून.

मावशी चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. डॉक्टर नको म्हणत असताना ती आली होती. रस्त्यात तिनं मला का ते सांगितलं. “तिहोला लहानपणापासून सवय होती. कुठे फट दिसली की त्यात काहीतरी खुपसून ठेवायचा. सिगारेट, कंगवा. इतकी वर्षं बंद आहे ते. मधे काहीतरी राहिलं असेल.”

दोन पत्र्यांची कड मुळात सगळीकडून वेल्ड केलेली होती, हे मला ठाऊक होतं. पण काय सांगावं, मलाही वाटायला लागलं होतं.

रबराचा धूर काळा आणि जड असतो, तो वर जात नाही, गवतावर पसरतो. पहिला मोठा तुकडा खाली पडला आणि पत्र्यांच्या मधून पाणी आलं, काळं, कुबट वासाचं, बराच वेळ येत राहिलं. मग रबर, ओलंच, बोटांनी तुटणारं. मी हातमोजे घालून एकेका पोकळीत हात घातला. गंजाची माती. कबुतरांची हाडं. गांधीलमाश्यांचं एक पोळं. तळाशी उंदरांनी साठवलेल्या आलुबुखाराच्या बिया, मूठभर.

“काही आहे?” मावशीनं विचारलं.

“नाही मावशी.”

“सीटच्या खाली?”

“तिथंही नाही.”

“परत बघ.”

मी परत बघितलं. भंगारवाल्यानं कटर बंद करून ठेवला आणि तोही गुडघ्यांवर बसून चाचपायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काही नव्हतं.

शेवटी दार. बिजागऱ्या कापून ते दोघांनी मावशीच्या समोर गवतावर आडवं ठेवलं, आतली बाजू वर करून. मावशीनं त्याच्याकडे बघितलं, मग मियोकाकाकडे बघितलं. इतकं साधं बोलली ती, बाजारात भाव विचारावा तसं.

“मियो, हे आतून नीट लागायचं ना रे?”

मियोकाकाचा चेहरा राखेसारखा झाला. तेव्हा मला कळलं, तो या बाजूला का येत नव्हता.

“लागायचं,” तो म्हणाला. “रूझा, लागायचं. मी स्वतः लावून बघितलं होतं. पण घाई होती. शेवटच्या दिवशी कडी थोडी घट्ट जात होती, मी घासली. जास्त घासली की काय… दणक्यानं उघडली की काय… की त्यानंच उघडलं, उतरून पळायला…”

“बघ ना मग. कडी आहे ना तिथं.”

तो पिंपावरून उठला, दारापाशी गुडघे टेकून बसला. गाडी सापडली तेव्हा त्या कडीकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि नंतर बघायची त्याची छाती झाली नव्हती. आता त्यानं दोन बोटांत कडी धरली, अगदी हलकेच, आणि ती सरकवायला गेला. कडीचा भुगा झाला. त्याच्या बोटांत लाल पूड राहिली, खाचेतही लाल पूड. कुठे झिजली होती, कुठे घासली होती, लागत होती की नव्हती, काही राहिलं नव्हतं.

तो तसाच बसून राहिला, हाताकडे बघत. मावशी त्याला काही बोलली नाही. दोष दिला असता, निदान एक शिवी हासडली असती, तरी बरं झालं असतं. ती शिव्या द्यायला कधी कचरणारी नव्हती. घोंगडी वर ओढून ती मला म्हणाली, “थंडी वाजतेय गं. मला घरी ने.”

मियोकाका ऑगस्टात गेला. फुप्फुसानं गेला असं डॉक्टरांनी लिहिलं, आणि ते खोटं नसेल. मावशी अंत्यविधीला काठी टेकत आली आणि माती टाकून परत गेली.

दार आमच्या कोठीत लाकडी फळ्यांवर ठेवलंय. इस्क्रानं त्याला मेण लावलं, काय काय केलं, तरी दर महिन्याला फरशीवर लाल भुकटी पडते आणि मी ती झाडून काढते. आवारात रणगाडा आहे, तोफा आहेत. रणगाड्याच्या पोटाखालून परवा पाणी ठिबकताना दिसलं. पाऊस आदल्या आठवड्यात थांबला होता. मी नगरपालिकेला कळवलं. त्यांनी कळवल्याबद्दल आभार मानलेत.

गेल्या महिन्यात बेपत्तांच्या नातेवाइकांकडून पुन्हा डीएनएचे नमुने घ्यायला झाग्रेबहून माणसं आली होती. मी मावशीला गाडीतून दवाखान्यात नेलं. मुलगी गोड होती. कापसाची काडी तिनं मावशीच्या गालाच्या आतून फिरवली.

“मागं दिलंय मी,” मावशी म्हणाली. “रक्त दिलं होतं.”

“हो आजी, पण आता पद्धत सुधारलीय. आता अगदी छोट्या हाडावरूनसुद्धा कळतं.”

“हाड मिळालं तर ना?”

मुलगी काडी नळीत ठेवत म्हणाली, “मिळेल आजी.” मावशीनं तिच्या गालावर थोपटलं, तिचीच समजूत काढल्यासारखं.

परत येताना मी सवयीनं बराकीच्या रस्त्याला वळायला लागले, तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“इकडून नको गं,” ती म्हणाली. “तिथं आता कोण आहे?”

मी गाडी सरळ नेली.